तक्त्यात नसलेला रकाना

४ फेब्रुवारी

ही वही आमच्या यांनी आणून दिली. म्हणाले, "रोज घरी येऊन माझं डोकं खाण्यापेक्षा हिचं खा." बरं म्हटलं. तीस वर्षं इस्पितळात मी पानंच्या पानं लिहिली, पण ती सगळी दुसऱ्यांच्या तापाची आणि लघवीची. स्वतःचं लिहायची ही पहिलीच वेळ. तेव्हा आधीच सांगून टाकते, मला हे काम जमणार आहे. ज्यांना शंका असेल त्यांनी ती आपल्याजवळ ठेवावी.

आज इस्टेटीच्या किल्ल्या हातात आल्या. चांगला किलोभर जुडगा आहे. मालकांच्या घराण्यात आता कुणी उरलं नाही, इस्टेट विश्वस्तांकडे गेली, आणि त्यांनी इथे म्हाताऱ्या माणसांसाठी शुश्रूषागृह काढायचं ठरवलं. व्यवस्थापिका म्हणून मला नेमलं. मुलाखतीत विचारलं, "हा परिसर माहीत आहे का?" मी म्हटलं, "माझा जन्मच इथला." ते घराकडे बघायला लागले, तेव्हा मी बोटाने तबेल्यामागच्या नोकरांच्या खोल्या दाखवल्या. आईने या घरात त्रेचाळीस वर्षं काम केलं. मी मात्र पुढच्या दाराने आज पहिल्यांदाच आत गेले. दार चांगलंच जड आहे, खांदा लावावा लागतो.

तळघरात कोठीघर आहे. तिथे भिंतीवरच्या लांब फळीवर एकवीस घंट्या टांगल्या आहेत. वरच्या प्रत्येक खोलीत पलंगाशी गोफाची दोरी. ती ओढली की भिंतीतल्या तारेने इथली घंटी वाजायची आणि कामवाल्या धावायच्या. वारसा खात्याचे साहेब म्हणाले, दोऱ्या आणि फळी काढायची नाही, ऐतिहासिक आहे. ठीक आहे, शोभेला राहू दे. पण चालू ठेवा असं काही ते म्हणाले नाहीत. मी सुतारकाकांना सांगितलं, "दोऱ्या असू द्या, भिंतीतल्या तारा तेवढ्या तोडून टाका. कुणी धावायचं नाही आता या घरात."

काका घंट्यांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बघतो मी त्या तारांचं." माणूस कमी बोलतो, पण सांगितलेलं करतो.

९ फेब्रुवारी

कॉल बटणं बसली. प्रत्येक पलंगाच्या कठड्याला एक. बटण तीन सेकंद दाबून धरलं की परिचारिकांच्या खोलीतल्या स्क्रीनवर खोलीचा नंबर लागतो. तीन सेकंद एवढ्यासाठी, की कुशीवर वळताना चुकून दाबलं जाऊ नये. ही अक्कल माझी. पुरवठादार एका सेकंदावर अडून बसला होता.

पहिले सहा जण आले. पाचव्या खोलीत निवृत्त न्यायाधीश. त्यांनी बटण कसं दाबायचं ते दोनदा विचारलं आणि खिशातल्या छोट्या डायरीत लिहून ठेवलं. तिसरीत गाण्याच्या बाई, संधिवाताने बोटं वाकडी झालेल्या, पण जीभ एकदम सरळ. आल्या आल्या म्हणाल्या, "पडदे भयंकर आहेत." बाकीचे शांत आहेत.

माझ्या हाताखाली चार मुली. त्यातली सर्वांत चुणचुणीत जी आहे तिला सगळे चिमणी म्हणतात, मीही तेच म्हणते.

१५ फेब्रुवारी

आईला आणलं.

हिवाळ्यात तिचं मनगट मोडलं तेव्हापासून ती एकटी राहते याने माझा जीव टांगणीला लागला होता. एक्याऐंशी पूर्ण. आमच्याकडे यायला तयार नाही, "जावयाच्या घरी पाय पसरून कशी निजू" म्हणते. इथे मात्र लगेच हो म्हणाली. तिला मी तळमजल्यावरची सर्वांत चांगली खोली दिली आहे. मालकीणबाई सकाळी तिथे बसायच्या. बागेकडे तोंड, ऊन भरपूर, कोठीघराच्या बरोबर वर असल्यामुळे जमीनही उबदार. त्रेचाळीस वर्षं ज्या खोलीत तिने खाली मान घालून चहाचा ट्रे नेला, तिथे आता ती बसेल आणि चहा दुसरं कुणी आणेल. याची मी किती वर्षं वाट बघितली ते माझं मला माहीत.

तिने खोलीत पाऊल टाकलं, चारी बाजूंना बघितलं आणि म्हणाली, "ठमे, कोपऱ्यात जाळं आहे." (मी सत्तावन्न वर्षांची आहे. चार मुलींसमोर ठमे.)

नियम आईलाही तोच. येणाऱ्या प्रत्येकाची पाच-सहा आठवडे पाहणी होते, मग डॉक्टरीणबाई ठरवतात की तो माणूस इथे राहू शकेल की नाही. आम्हाला परवाना आहे तो शरीराने थकलेल्यांसाठी. मन भरकटलेल्यांना ठेवता येत नाही, कारण घराला तीन जिने आणि बागेत तळं. तसं कुणी आढळलं तर शहरातल्या इस्पितळाच्या बंद विभागात. मी सगळ्यांसमोर सांगितलं, "माझी आई म्हणून वेगळा न्याय नाही." छान वाटलं बोलताना.

१८ फेब्रुवारी

अंथरूण ती स्वतःच घालते. चिमणी आवरायला जाते तेव्हा पलंगावर सुरकुती नसते. "आजी, माझी नोकरी घालवाल," असं चिमणी म्हणाली, तर आईने तिला उशीचे कोपरे कसे काढायचे ते शिकवलं. होईल सवय हळूहळू.

२४ फेब्रुवारी

आज दुपारी तीनला आई वरच्या मजल्यावर सापडली. तिसऱ्या खोलीबाहेर. जिना चढून! मी विचारलं, "इकडे कशाला आलीस?"

"घंटी झाली."

"कुठली घंटी?"

"तिसरी. आता झालं, चालले मी खाली." आणि कठडा धरून तुरुतुरु खाली गेली.

मी हसण्यावारी नेलं. पण मग एक मुलगी म्हणाली की कालही आजी पाचव्या खोलीतून बाहेर येताना दिसल्या होत्या. म्हणजे दोनदा. मी तळघरात जाऊन उभी राहिले. एकवीस घंट्या गपगार, फळी पुसून लख्ख. तारा तोडून तीन आठवडे होत आले. तिथे पाच मिनिटं उभी होते, एकही हलली नाही.

तीस वर्षांत असे किती बघितले. निवृत्त मास्तर वॉर्डात हजेरी घ्यायचे. एक ड्रायव्हर पलंगावर बसून गिअर टाकायचा. जन्मभराचं काम डोक्यात वाजत राहतं. पण ते परके होते.

१ मार्च

आईसाठी निरीक्षण तक्ता सुरू केला. माझाच बनवलेला आहे, आमच्या इस्पितळात अजून वापरतात. चार रकाने: तारीख, वेळ, कुठे आढळली, किती मिनिटं. आधीच्या आठवड्यातल्या वेळाही आठवून भरल्या. मुलींना सांगितलं, जिला दिसेल तिने लिहायचं. भावना बाजूला ठेवून नोंद करायची, हीच तर नर्सिंगची पहिली पायरी.

कामाचं म्हणाल तर झकास चाललं आहे. आता चौदा जण झालेत. माझ्या बटणांचा हिशेब बघितला, दिवसाला फक्त पाच-सहा वेळा वाजतात. पुरवठादाराने सांगितलं की दुसरीकडे एवढ्या माणसांना चाळीस-पन्नास हाका होतात. म्हणजे आमच्याकडे लोक समाधानी आहेत! विश्वस्तांच्या बैठकीत मी हे आवर्जून सांगितलं. त्यांनी टाळ्या वाजवल्या, खोटं कशाला बोलू.

न्यायाधीश साहेब व्हरांड्यात भेटले. म्हणाले, "तुमची सेवा उत्तम आहे. विशेषतः त्या ज्येष्ठ बाई. बोलावलं की दोन मिनिटांत हजर." ज्येष्ठ म्हणजे आमच्या चौघींतल्या वयाने मोठ्या, सकाळच्या पाळीच्या, चाळिशीच्या आहेत बिचाऱ्या. त्यांना सांगितलं तर त्या गोंधळल्या. कौतुकाची सवय नसते काहींना.

७ मार्च

तक्त्यात सतरा नोंदी.

आज मी तिला समोर बसवून नीट विचारलं. तारीख, वार, साल, सगळं बरोबर सांगितलं. शंभरातून सात-सात वजा करायला सांगितलं तर एकोणऐंशीपर्यंत आली आणि म्हणाली, "पुढचं तू कर, मला कंटाळा आला." वरवर अगदी ठीक आहे. पण मी काही नवशिकी नाही. असे लोक फार हुशारीने झाकतात.

"आई, घंट्या रोज ऐकू येतात?"

"रोज म्हणजे? वाजल्या की येतात."

"आणि तू जातेस."

"मग काय करू? वाजत ठेवू?"

"मुली आहेत ना त्यासाठी."

काहीतरी बोलणार होती, पण गिळलं. मग म्हणाली, "पोरी चांगल्या आहेत ग. त्यांना रागावू नकोस."

हा मुलींचा विषय कुठून आला? असंबद्ध बोलणं म्हणून मी खाली वेगळी टीप लिहिली.

१२ मार्च

गाण्याच्या बाईंनी पडद्यांची तक्रार मागे घेतली. म्हणाल्या, कुणीतरी येऊन त्यांच्या कड्या बदलून लावल्या, आता ऊन डोळ्यावर येत नाही. आमच्या लोकांना न सांगता कामं सुचायला लागली आहेत. घडी बसली की असं होतं.

घरी गेल्यावर यांना आईचं सांगितलं. हे म्हणाले, "तिथे न्यायलाच नको होतं. जन्मभर जिथे राबली तिथेच परत?" मी म्हटलं, "राबायला नाही, बसायला नेलं आहे." हे म्हणाले, "बसलेली बघितलीस का तिला कधी?"

नाही बघितली. हे मी यांना सांगितलं नाही, वहीला सांगते. मी सहा वर्षांची असताना गोवर आला होता. अंगाची लाही होत होती. आई सकाळी कपाळावर फडकं ठेवून गेली ती दिवे लागल्यावर आली, कारण मोठ्या घरी पाहुणे होते. मी खूप हाका मारल्या. तबेल्यातला घोडा तेवढा बघत होता. तेव्हाच ठरवलं होतं की मी मोठी होऊन आजारी माणसाजवळ बसायचंच काम करीन. ते केलं. आणि आता आईजवळ बसायची वेळ आली, तर ती त्याच घराच्या घंट्यांमागे धावते आहे. मला वाईट वाटतं, आणि राग येतो. दोन्ही एकदम येतात.

पुरे झालं. उद्या गाद्यांची गाडी यायची आहे.

१९ मार्च

डॉक्टरीणबाई आठवड्याच्या फेरीला आल्या. तरुण आहेत, माझ्या मुलीच्या वयाच्या, पण काम चोख. तक्ता बघून म्हणाल्या, "आजींशी मी बोलले तेव्हा मला काहीच जाणवलं नाही. तुमची खात्री आहे?"

मी म्हटलं, "डॉक्टर, नोंदी बोलतात. भास आहेत, भटकणं आहे. आई आहे म्हणून मी डोळेझाक करणार नाही."

"सव्वीसला निर्णय करू. चारला. तुमचा शेवटचा अहवाल सकाळी द्या."

त्या गेल्यावर मी शहरातल्या बंद विभागात फोन करून खाट मिळेल का ते विचारलं. आहे म्हणाले. खिडकीजवळची मागितली. त्या खिडकीला जाळी असते, मला माहीत आहे, मी तिथे काम केलं आहे.

आज वहीत अक्षर वाईट येतं आहे.

२६ मार्च

आज जे झालं ते क्रमाने लिहिते, नाहीतर मलाच उद्या खरं वाटायचं नाही.

सकाळी नऊला अहवाल डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर ठेवला. एक्केचाळीस नोंदी, खाली माझी सही, शिफारस: बंद विभाग. सही एका झटक्यात केली. त्याचा मला अभिमान वाटला, हेही लिहिते.

मग बाराच्या सुमारास सातवी खोली बघायला गेले. ती अजून रिकामीच आहे, रंग कालच पूर्ण झाला. बघते तर दार वाऱ्याने मागे आपटलं आणि बसलं. ओढलं, हलेना. लाथ मारली, हलेना. मोबाईल खाली टेबलावर. खिडकी उघडली तर खाली नुसती झाडं, माळी सुट्टीवर. ओरडून बघितलं. या घराच्या भिंती हातभर जाड आहेत, कुणाच्या कानावर जाणार? बटण दाबलं, चांगलं दहा सेकंद. लाल दिवा लागला, पण कुणी येईना. मग आठवलं, रिकाम्या खोल्यांचे नंबर मीच स्क्रीनवरून काढायला लावले होते. उगाच गर्दी नको म्हणून.

अर्धा तास गेला. साडेबारा वाजले. चारला निर्णय आणि मी इथे उंदरासारखी अडकलेली. संतापून मी पलंगाजवळची ती शोभेची दोरी धरली आणि खसकन ओढली. दोन-तीनदा ओढली, सगळा राग तिच्यावर काढला. मग पलंगावर बसून चक्क रडले.

तीन-चार मिनिटांत बाहेर सपाता वाजल्या. फटक फटक, थांबत थांबत. जिना चढून आलेला माणूस दम खातो तसं कुणीतरी थांबलं.

"कोण आहे आत?"

"आई? मी आहे!"

"ठमे? तू काय करतेस सातवीत? दार वर उचल आणि मग ओढ. जोर नको लावूस, नुसतं उचल."

उचललं, ओढलं, उघडलं. समोर आई, कमरेवर हात.

"हे दार पूर्वीपासून असंच आहे," ती म्हणाली. "सातवी वाजली तेव्हा म्हटलं, खोली तर रिकामी, मग ओढलं कुणी? म्हणून बघायला आले."

मी तिला विचारलं, "तुला खरंच घंटी ऐकू आली?"

"असं काय विचारतेस वेड्यासारखं? तूच ओढलीस ना?"

मी तिला तिथेच पलंगावर बसवलं आणि धावत तळघरात गेले. सत्तावन्नाव्या वर्षी त्या जिन्यांवरून धावले! फळीवरची सातवी घंटी अजून स्प्रिंगवर डोलत होती.

सुतारकाकांना गाठलं. ते रंध्यावरून मान न उचलता बोलले, "बाई, तारा तोडायला गेलो होतो. पण चालती वस्तू. शंभर वर्षांची तार, एक गाठ नाही. पक्कड लावायला हात होईना. तेलपाणी केलं आणि आलो. कोण ओढणार, म्हटलं."

कोण ओढणार! ज्यांची बोटं वाकडी झाली आहेत ते ओढणार. तीन सेकंद बटण ज्यांना दाबून धरता येत नाही ते सगळे ओढणार. ते इवलंसं बटण एकदा दाबून बघतात, कुणी येत नाही, मग हाताशी दोरी असतेच. ती ओढली की खाली घंटी वाजते, आणि कोठीघराच्या बरोबर वर बसलेली बाई उठते. दिवसाला पाच-सहा हाका म्हणून मी टाळ्या घेतल्या. बाकीच्या हाका माझी आई घेत होती, मोडलेल्या मनगटाने, तीन जिने चढून.

"मला बोलली का नाहीस?" मी तिला विचारलं.

"आधी वाटलं तुला ठाऊक आहे. सगळं घर तुझ्या हातात, घंट्या वाजतात हे तुला कळत नाही असं कसं वाटेल? मग लक्षात आलं की पोरींना ऐकू जात नाही, त्यांची खोली पार पलीकडे. म्हटलं, तुला सांगावं तर तू त्यांना सोलून काढशील. दोन दिवसांनी त्यांनाच गुपचूप सांगणार होते. पण मग मला आवडायला लागलं ग."

चारला डॉक्टरीणबाई आल्या. त्यांच्या हातात माझा अहवाल. मी चिमणीसकट चारही मुलींना थांबवून घेतलं आणि सगळ्यांसमोर म्हटलं, "डॉक्टर, हा अहवाल चुकला आहे. मी चुकले आहे." हे वाक्य मी नोकरीत किती वेळा बोलले असेन ते आठवून बघितलं. एकदाही आठवेना.

पण त्या माझ्यापेक्षा कडक निघाल्या. म्हणाल्या, "सकाळी तुम्ही आईला भास होतात म्हणालात, आता नाही म्हणता. मी तुमच्या शब्दावर सही कशी करू? एकेक नोंद बघू."

बघितली. आई खुर्चीत बसून सांगत गेली. चोवीसला तिसरी, गाण्याच्या बाईंना शाल हवी होती. सत्तावीसला अकरावी, पाण्याचं भांडं लांब होतं. पाचला पुन्हा तिसरी, पडद्याच्या कड्या. चिमणी वर-खाली करून ज्याला त्याला विचारून येत होती. न्यायाधीश साहेबांनी तर खिशातली डायरीच पाठवली, त्यात तारीख-वेळेसकट लिहिलेलं: "घंटी. ज्येष्ठ बाई आल्या. दोन मिनिटे." एकही नोंद खोटी निघाली नाही. आईला तारखा पाठ होत्या. मला माझ्या तक्त्याकडे बघवेना. कधी, कुठे, किती वेळ, सगळं होतं त्यात. कशाला गेली, हा रकानाच मी कधी आखला नव्हता. तीस वर्षांत नाही. त्या हजेरी घेणाऱ्या मास्तरांनासुद्धा मी कधी विचारलं नाही.

तीस नोंदी जुळल्या. अकरा उरल्या.

"या अकराही एकाच जागच्या आहेत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "सकाळी अकराच्या सुमारास, कार्यालयाच्या दाराबाहेर. दोन मिनिटं उभ्या, काही न बोलता परत. कार्यालयात तर दोरी नाही, आणि घंटीही नाही. हे काय आहे?"

मी तो भाग कधी नीट वाचला नव्हता. कार्यालय माझं आहे. दार मी लावून घेते, फोनवर बोलत असते. दाराला काच आहे, तिच्याकडे माझी पाठ असते. म्हटलं, एवढं सगळं होऊन आता या अकरा नोंदींवर आईला पाठवावं लागणार की काय? खिडकीजवळची खाट मीच सांगून ठेवली होती.

डॉक्टरीणबाई खुर्ची ओढून आईच्या समोर बसल्या. "आजी, तिथे कुणी बोलावलं होतं तुम्हाला?"

"नाही."

"मग कशाला जात होतात?"

आईने एकदा माझ्याकडे बघितलं आणि मग त्यांच्याकडे.

"तिथे घंटी नाही ना," ती म्हणाली. "तिथलं जाऊनच बघावं लागतं. ही लहान असताना आमच्या खोलीलाही घंटी नव्हती. ही हाका मारायची, ते वरपर्यंत यायचं नाही. तेव्हा मला जाता आलं नाही. आता वेळ आहे."

चिमणी नाक ओढत होती. मी तर मुलींसमोर, डॉक्टरांसमोर, आईच्या मांडीत डोकं घालून हमसून हमसून रडले. तिने पाठीवर थोपटलं आणि म्हणाली, "उठ आता, कपड्यांना इस्त्री आहे तुझ्या."

डॉक्टरीणबाईंनी उरलेल्या अकरा नोंदींपुढे पेनाने एक कंस काढला, त्यात लिहिलं, "मुलीला बघायला." खाली सही केली: येथेच राहाव्यात.

बंद विभागाला फोन करून खाट सोडली.

३० मार्च

कामाची फेरमांडणी झाली. बटणं एका सेकंदावर आणली (पुरवठादार फोनवर हसला, हसू दे). कोठीघरात खुर्ची टाकली, तिथे दिवसभर पाळीने एक मुलगी बसते. कुठली घंटी कशी वाजते ते आई त्यांना शिकवते आहे, तासाला बसल्यासारख्या चौघी वह्या घेऊन बसतात. जिने मात्र आईला बंद. हे मी ठणकावून सांगितलं, तिने मान डोलावली, म्हणजे निम्मं तरी ऐकेल. विश्वस्तांना मी माझ्या टाळ्यांचं खरं कारण लिहून कळवलं. यांनाही सगळं सांगितलं. हे म्हणाले, "वही संपली तर दुसरी आणतो."

आज कार्यालयाचं दार मी उघडंच ठेवलं होतं. अकराला सपाता वाजल्या. ती दारात उभी राहिली.

"काही हवंय का ग?"

आजवर या प्रश्नाला मी नाहीच म्हणत आले. आज हो म्हटलं. काय हवंय ते सांगता येईना, म्हणून म्हटलं, "बस जरा."

बसली. तिने माझ्या टेबलावरच्या फायली सरळ केल्या. मग खालून बारीक आवाज आला. दार उघडं असलं की इथवर येतो, मला माहीतच नव्हतं. कोठीघरातली चिमणी त्या वेळी औषधं वाटायला गेली होती. आई खुर्चीचे हात धरून उठायला लागली.

"तू बस," मी म्हटलं. "मी जाते."

"कळलं का कुठली ती?"

"नाही."

"पाचवी. न्यायाधीश साहेब. चष्मा पलंगाखाली गेला असेल."

मी दोन जिने चढून गेले. चष्मा पलंगाखालीच होता.